बिघडलेल्या फोटोंचा डबा

आमच्या घरात दादाचा एकही फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहिलो आणि राहूनच गेलं. लोणावळ्याच्या बाजारात एक स्टुडिओ होता, मागे पडद्यावर कारंजं आणि हंस रंगवलेले. आई दर दिवाळीला म्हणायची, "अवंदा समदी मिळून फोटू काढू," आणि दर दिवाळीला कुणाच्या तरी अंगावर नवा कपडा नसायचा. मग ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, फोडणीला टाकायचाय का फोटू?" दादा अठराव्या वर्षी काविळीनं गेला आणि त्याच्यामागे खुंटीवर त्याचा निळा शर्ट तेवढा राहिला.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. एक खोली, पुढे पडवी, मागे मोरी. वडील, म्हणजे आबा, रुळांच्या गँगमध्ये होते. खंडाळ्याच्या बाजूला घाटात रूळ, खडी, स्लीपर सांभाळायचं त्यांचं काम. पहाटे धुक्यात घोंगडी पांघरून निघायचे. मागून आईच्या भाकरीची थापथाप चालू व्हायची आणि तिच्या आडून यार्डात उभ्या असलेल्या खेकड्याचं कण्हणं ऐकू यायचं. खेकडा म्हणजे मालगाडीचं जुनं विजेचं इंजिन. पुढे-मागे लांब नाकाडं, मध्ये खोली. नुसतं उभं असलं तरी आतून हुंऽऽ हुंऽऽ असं कण्हायचं. रेल्वेतल्या माणसांनी त्याला खेकडा नाव का दिलं कोण जाणे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना त्या आवाजानं झोप लागायची नाही, आणि आम्ही टाकव्याला काकांकडे गेलो की तो नाही म्हणून आम्हाला लागायची नाही.

आबांची न्याहारी दादा घेऊन जायचा. दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा, सगळं फडक्यात बांधलेलं. लहानपणापासून टाकीवरचं पाणी डाव्या खांद्यावरून वाहून वाहून त्याचा तो खांदा जरा खाली उतरला होता. आई करवादायची, "सरळ चाल की रं, लग्नात फेटा तिरका दिसंल तुजा!" दादा मुद्दाम आणखी वाकडा चालून दाखवायचा. असा नग होता. आता लिहिताना हसू आलं, बघा.

एकदा न्याहारी देऊन आला तो हसत हसतच. "आये, आज बावाजीनं लय शिव्या घातल्या मला." बावाजी म्हणजे दिनशाजी, तुंगार्लीच्या रस्त्यावरच्या बंगल्यातले एकटेच राहणारे म्हातारे पारशी. आई त्यांच्याकडे धुणंभांडी आणि पुढे पुढे स्वयंपाकातलं वरकाम करायची. त्यांच्या स्वयंपाकघरात तिला कुणी अडवलं नव्हतं, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. बावाजींना एकच वेड. रविवार आला की गळ्यात कॅमेरा अडकवून रुळांच्या कडेला उभं राहायचं आणि इंजिनांचे रंगीत फोटो काढायचे. फोटो कागदावरचे नव्हेत. बोटभर पारदर्शक फिल्म, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली, प्रोजेक्टरमध्ये घातली की पडद्यावर दिसणारी. स्लाईड. त्यांना फोटोत फक्त इंजिन लागायचं. माणूस आला, म्हैस आली, वाळत घातलेलं लुगडं आलं की स्लाईड बिघडली.

"सिग्नलला खेकडा हुबा व्हता," दादा सांगत होता. "मी आपला न्याहारी घिऊन चाल्लोय, तर ह्यो वराडतोय, 'हट, हट, साला!' मी म्हनलं काय झालं म्हनून वळून बघितलं, तवर त्याचं बटान दाबून झालं. म्हनला, तू तर आलाच, तुजी सावली बी माज्या इंजनवर पाडली!" आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. संध्याकाळी घरी येऊन ऐकल्यावर आबासुद्धा.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला दादा गेला. डोळे पिवळे झाले, मग नखं पिवळी झाली. आबांनी झाडपाल्याच्या नादी न लागता त्याला सरळ दवाखान्यात नेलं होतं. त्यांच्याकडून कसर राहिली असं कुणी म्हणू नये. पण दादा राहिला नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आबांनी देव्हारा स्वतःच्या हातानं उचलून नदीला दिला होता आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. ज्या रीतींनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं त्यांतली एकही परत उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं आणि ते बरोबर होतं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं ते आबांच्याच जोरावर. पण दादा गेला त्या दिवशी टाकव्याहून काकू आली ती ओच्यात पीठ आणि पणती घेऊन. मावळात रीत होती, माणसानं जिथे शेवटचा श्वास सोडला तिथे पीठ पसरायचं, शेजारी पणती लावायची, वर पाटी पालथी घालायची. सकाळी पिठात कसली पावलं उमटली ते बघायचं. गेलेला कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून समजतं म्हणे. आणि दहा दिवस तो दिवा विझू द्यायचा नाही, विझवायचा तर नाहीच नाही.

काकूनं कोपऱ्यात पणती लावली. आबा उठले आणि त्यांनी चिमटीनं वात विझवली. "आमच्यात आता ह्ये न्हाई. मेलेला मानूस परत येत न्हाई," म्हणाले. आई त्या विझलेल्या वातीच्या धुराकडे बघत राहिली. त्या दिवसापासून आबांनी रुळांवर न्याहारी खाणं सोडलं ते निवृत्त होईपर्यंत. उपाशीपोटी घण मारायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "भूक न्हाई."

माणूस गेल्यावर त्याचा आवाज आधी विसरतो असं लोक सांगतात. आमच्याकडे उलटं झालं. आवाज राहिला आणि चेहरा जायला लागला. एका दुपारी तांदूळ निवडताना आईचा हात थांबला. तिनं मला विचारलं, "शेवंते, दादाच्या भिवया जुळल्याल्या व्हत्या का गं?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "मला बी आठवंना." तिच्या तोंडावर इतकी भीती मी दादा गेला त्या दिवशीही पाहिली नव्हती. मग सूप बाजूला ठेवून ती एकदम उठली. "बावाजीकडं हाय की त्यो!"

बावाजींनी ऐकून घेतलं. "बाई, ते तर बिघडेला असंल," म्हणाले. बिघडलेल्या स्लाईड ते टाकत नसत, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवत. डबा पालथा केला आणि एकेक उचलून खिडकीकडे धरत गेले. म्हशी निघाल्या, गार्ड निघाले, कुणाची तरी छत्री निघाली. मग एक धरली ती त्यांनी खाली ठेवली नाही. "आव, बाई," एवढंच म्हणाले.

दिवस थंडीचे होते. हॉलच्या खिडक्यांवर त्यांनी ब्लँकेटं टांगली, भिंतीवर चादर ताणली आणि प्रोजेक्टर लावला. पंख्याची घरघर, तापलेल्या धुळीचा वास, आणि चादरीवर भरदुपारी सकाळ झाली. तपकिरी खेकडा उभा. रुळांच्या कडेला वाळलेलं गवत. आणि डाव्या अंगाला दादा, खऱ्याएवढाच उंच, निळा शर्ट, हातात फडकं, मान वळवून आमच्याकडे बघणारा. काय झालं, असं विचारणारा. त्याची लांब सावली खडीवरून थेट इंजिनाच्या चाकांपर्यंत गेली होती.

भिवया जुळलेल्या होत्या.

आई उठून चादरीपाशी गेली आणि तिनं त्याला हात लावला. तशी तिचीच सावली पडली आणि दादा चादरीवरून नाहीसा झाला. ती दचकून मागे सरली, तर तो तिच्या पाठीवर, खांद्यावर, डोक्यावरच्या पदरावर पडलेला. तिला तो दिसेना, मला दिसत होता. मी ओरडले, "आये, तुज्या अंगावर हाय त्यो!" ती वळली, तिनं ओंजळ पुढे धरली आणि दादाचा चेहरा, जुळलेल्या भिवयांसकट, तिच्या ओंजळीत आला. ओंजळ हलली तसा तोही हलला. मी भुतंखेतं मानणारी बाई नव्हे. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. पण दर वर्षी तो धडा आला की माझा खडू जरा थांबायचा.

मग दर रविवारी दुपारी तेच. काम आटोपलं की आई पदराला हात पुसत हॉलच्या दारात उभी राहायची. बावाजी कुरकुर करत ब्लँकेटं टांगायचे. आबांना हे ठाऊक होतं, पण ते कधी आले नाहीत. एकदाच म्हणाले, "दिव्याच्या उजेडात मेलेलं पोरगं बघायला जातीस. काकूच्या पिठात आन् ह्येच्यात फरक काय?" आई म्हणाली, "पिठात पाऊल दिसतं. हितं तोंड दिसतंय."

होळीच्या सुमाराला शर्टाचा निळा उडायला लागला. आई म्हणाली, "विटला. धुतला न्हाई तरी विटला." बावाजींनी तिला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. हा दिवा फार तापतो. जितका वेळ स्लाईड दिव्यापुढे राहील तितका तिचा रंग उडेल. अंधारात ठेवली तर वर्षानुवर्षं काही होणार नाही. "बाई, तू बघते तेवढा तो कमी होते," ते म्हणाले. "अंधारामंदी तो राहेल. उजाळामंदी जाते."

मला आजही कळत नाही, कुणा आईपुढे हा असला हिशेब मांडला तर तिनं काय निवडावं. बघायचं की राखायचं? आई बराच वेळ बोटाला पदर गुंडाळत बसली. मग म्हणाली, "एकडाव बघू द्या, शेट. शेवटचं. मग ठिवा अंधारात." जराशानं आणखी म्हणाली, "एकलीला."

बावाजींना ते पटलं. त्यांनी स्लाईड लावली, प्रोजेक्टरचं बटण आईला दाखवलं, "बस झाला की हे दाब," म्हणाले आणि मला घेऊन व्हरांड्यात आले. आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी मला कटलेट दिलं. खाली स्टेशनावर गाडीला मागून ढकलायला लावलेलं इंजिन सोडवत होते, त्याचा खणखणाट येत होता. बावाजी दर जरा वेळानं दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, "राहू दे तिला. राहू दे." कटलेट संपलं. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं. आतून पंख्याची घरघर चालूच होती. मग वास आला. दुधाची साय करपल्यावर येतो तसा, पण आंबूस.

बावाजी त्या वयात धावले. भिंतीवर धूर होता, खरा नव्हे, चादरीवर दिसणारा. इंजिनाच्या मधोमध एक बुडबुडा आला होता आणि फुगत होता. आई चादरीसमोर हात जोडून बसलेली, बटणापासून लांब. बावाजींनी वायर ओढली आणि अंधार झाला. त्या अंधारात आई मोठ्यानं रडली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. "शेट, दिवा का घालवला? का घालवला दिवा?"

"बाई, जळत होता तो!"

"मला काय दिसत न्हवतं?" आई म्हणाली. "पर पोरापुढला दिवा मी कसा इजवू? एकडाव इजवला की आमी त्येचा. पुन्यांदा आईनंच इजवायचा?"

मला वाटलं आता बावाजी चिडणार. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची काळी टोपी नीट केली. हळूच म्हणाले, "आमच्यात बी दिवा फुंकत नाय, बाई. अग्नीला कोणी मारत नाय. तुझ्या हातात ते बटण मी दिला, ही माझी भूल." मग ब्लँकेट बाजूला सारून त्यांनी स्लाईड खिडकीकडे धरली. खूप वेळ धरली. म्हणाले, "इंजिनचा पोट जळला. तुझा छोकरा कोपऱ्यात हाय, बाजूला. तो वाचला. पण आता याला उजाळा दाखवू नको. तू बी बघू नको." कागदात गुंडाळून त्यांनी ती आईच्या हातात दिली.

घरी आल्यावर आई पडवीतच बसून राहिली. आबांनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं. दिवेलागणीला आबा उठले. काकूची ती पणती त्यांनी फेकली नव्हती, फळीवर डब्यांच्या मागे होती. हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्यांनी तेल घातलं, वात वळली. गँगमनच्या जाड बोटांना वात वळता येत नव्हती, दोनदा तुटली. दादा जिथे झोपायचा त्या कोपऱ्यात त्यांनी ती लावली आणि आईकडे पाठ करून म्हणाले, "ह्ये भुतासाठी न्हाई. तुज्यासाठी हाय." आई आत आली. तेल सरेपर्यंत आम्ही तिघं त्या कोपऱ्याजवळ बसलो होतो. कुणी विझवली नाही, आपोआप शांत झाली.

आईनं दादाच्या निळ्या शर्टाचा तुकडा फाडला, त्यात ती स्लाईड बांधली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. मरेपर्यंत तिनं ती उघडली नाही. ट्रंक उघडली की वरूनच थोपटायची. तिच्यामागं ती माझ्याकडे आली आणि मीही तेच करत आले.

आता हल्लीचं सांगते. बावाजींच्या भाच्यानं त्यांच्या साऱ्या स्लाईड विकल्या आणि गेल्या हिवाळ्यात त्यांचं लोणावळ्यात प्रदर्शन भरलं. मी तळेगावहून नातवाला घेऊन गेले. काय गर्दी! जुन्या इंजिनांच्या रंगीत स्लाईड जमवणारी माणसं असतात, त्यांत भाव ठरलेले असतात, हे मला तिथे कळलं. एक चष्मेवाला मुलगा, ओंकार, समजावत होता की इंजिन स्वच्छ, ऊन चांगलं आणि आजूबाजूला माणूस नसेल तर किंमत चढते. मी म्हटलं, "माणूस असला तर?" तो म्हणाला, "मग थोडी पडते, आजी." मला हसू आलं, आणि रागही आला. नातवानं त्याला आमच्या स्लाईडबद्दल सांगून टाकलं. खेकड्याचा जुना रंग असलेली म्हटल्यावर पोराचे डोळेच मोठे झाले. म्हणाला, स्कॅनच्या मशीनवर एकदाच उजेड जाईल, तोही थंड. इंजिनाचं पोट मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करून देतो.

मी महिनाभर विचार केला. माझंही वय झालंय. दादाच्या भिवया जुळलेल्या होत्या हे मला पाठ आहे, पण दिसत नाहीत. मरण्याआधी एकदा बघावं असं फार वाटलं. गाठ न सोडता ती पुरचुंडी मी त्याच्या हातात दिली.

आठवड्यानं तो स्वतः आला, मोठी फ्रेम घेऊन, हौसेनं. पुरचुंडी नीट परत आणली होती. फ्रेमवरचा कागद काढला. खेकडा लखलखत होता, पोट सांधलेलं, गवताची काडी न् काडी दिसत होती. डाव्या अंगाला फक्त गवत.

"इथे एक मुलगा होता," मी म्हटलं.

"मुलगा? नाही आजी, तिथे पांढरा डाग होता. रंग पूर्ण उडालेला. तो भरून काढला मी." त्यानं मोबाईलवर मूळचं दाखवलं. खरंच डाग होता. शर्ट नव्हता, चेहरा नव्हता. दिव्यानं त्याला तेव्हाच नेलं होतं. म्हणजे बावाजी खिडकीशी इतका वेळ उभे राहून खोटं बोलले होते. आणि आई ट्रंकेतली ती पुरचुंडी इतकी वर्षं थोपटत राहिली. तिला माहीत होतं का? गाठ तिनं एकदाही का सोडली नाही, हे आता कुणाला विचारू?

पोराला मी चहा दिला, लाडू दिला. तो गेल्यावर चष्मा लावून पुन्हा बघितलं. डाग भरला होता, पण खडीवरची सावली त्यानं तशीच ठेवली होती. सिग्नलच्या खांबाची वाटली असावी. गवतापासून इंजिनाच्या चाकांपर्यंत लांब गेलेली, हाताशी गाठोडं. आणि डावा खांदा उतरलेला.

फ्रेम माझ्या खोलीत लावली आहे. रात्री झोपण्याआधी सून दारात येते आणि विचारते, "आई, इथला दिवा बंद करू?"

मी म्हणते, "राहू दे."